‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्या सभासदाला काय द्यायचं?

वाचनालयाच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘काहीतरी चांगलं द्या हो.’ त्यावर बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट होते. नुकतंच परत आलेलं, अजून कपाटात न गेलेलं पुस्तक पुढे सरकवलं जातं. नाहीतर कर्मचाऱ्याला स्वतःला आवडलेलं दिलं जातं. नाहीतर ‘सध्या सगळे हेच नेतात’ म्हणून गाजत असलेलं. सभासद संकोचानं ते नेतो, आठवड्याभरानं न उघडता परत आणतो आणि पुढच्या वेळी विचारतच नाही.

काउंटरवर एक-दोनच माणसं असतात आणि संध्याकाळी सहाला रांग लागते, अशा वाचनालयांसाठी ही पद्धत आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. सगळ्यात जास्त चुका दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केल्यानं होतात: कपाट माहीत नसताना प्रश्न विचारले, तर उत्तर मिळूनही हातात द्यायला काही नसतं.

## टप्पा १: आधी आपलं कपाट ओळखा

सगळी पुस्तकं वाचून काढायची नाहीत. ते शक्य नाही आणि गरजेचंही नाही. रोज दुपारी, गर्दी नसताना, एक पुस्तक दहा मिनिटं हाताळायचं. मलपृष्ठ वाचा, पहिली दोन पानं वाचा, मधलं कुठलंही एक पान वाचा, शेवट सोडून द्या. मग शंभरपानी वहीत नोंद करा.

नोंद विषयाची नको. विषय तालिकेत असतोच. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. यातलं कुठलं दार सताड उघडं आहे आणि कुठलं किलकिलं, एवढंच लिहायचं. त्यात दोन व्यावहारिक गोष्टी जोडा: अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजन. सत्तरीच्या सभासदानं पुस्तक परत आणण्यामागे बारीक टाइप हे कारण किती वेळा असतं, ते काउंटरवर बसणाऱ्यालाच ठाऊक. झोपून वाचणाऱ्याला सहाशे पानी ग्रंथ छातीवर पेलत नाही.

एक नमुना नोंद:

*रारंग ढांग, प्रभाकर पेंढारकर. गोष्ट: पहिल्या पानापासून पकडते. माणसं: तरुण इंजिनिअर आणि लष्करी शिस्त यांची झटापट. जागा: हिमालयातला रस्ता, हे दार सगळ्यात मोठं. भाषा: साधी, अडत नाही. फार जाड नाही.*

दुसरी:

*बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. गोष्ट: हळू, प्रसंगाप्रसंगांनी. माणसं: धनगरवस्तीतली, एकेक लक्षात राहणारी. जागा: माणदेश. भाषा: मोजकी. छोटं पुस्तक. शेवट सुखाचा नाही, विचारलं तर सांगणे.*

दोन्हींत जागेचं दार मोठं आहे, वेग मात्र वेगळा. ‘हिमालय’ आणि ‘ग्रामीण’ अशा विषयांखाली ही दोन कधीच शेजारी आली नसती. वहीत येतात, आणि वहीचा उपयोग इथेच आहे.

नोंदीसाठी पुस्तक निवडताना शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघा. वर्षभरात शिक्का पडलेला नाही असं पुस्तक आधी घ्या. संगणकावर देवघेव होत असेल, तर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढता येते. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा नियम परीक्षेत सगळे लिहितात, पण मागच्या रांगेतल्या कपाटाला तो क्वचितच लागू होतो.

पुढे जाण्याआधी बघा: वहीत चाळीस-पन्नास नोंदी झाल्या आहेत का? त्यांतल्या निम्म्या तरी तुमच्या स्वतःच्या आवडीबाहेरच्या आहेत का? नसतील तर अजून थांबा.

## टप्पा २: विचारायचं काय

‘कुठल्या विषयाचं आवडतं?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर लोक शोभेल असं देतात. ‘ऐतिहासिक’, ‘चरित्रात्मक’, ‘वैचारिक’. त्यातलं किती खरं, ते त्यांच्या कार्डावर दिसतं.

त्याऐवजी हे चार प्रश्न, याच क्रमानं:

१. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कुठलं?
२. अर्धवट सोडलेलं कुठलं? कुठे सोडलं?
३. वाचता कधी? लोकलमध्ये, दुपारी, झोपताना?
४. पुस्तक तुमच्यासाठीच ना?

चौथा प्रश्न वगळू नका. निम्म्या वेळा पुस्तक सासूबाईंसाठी, आजारी भावासाठी किंवा सुट्टीत आलेल्या भाचीसाठी असतं. आणि सगळ्यात जास्त कळतं ते दुसऱ्या प्रश्नातून. आवडलेल्या पुस्तकाचं कारण लोकांना नीट सांगता येत नाही, पण सोडलेल्याचं मात्र नेमकं सांगतात: ‘फार रडारड’, ‘माणसांची नावंच लक्षात राहीनात’, ‘वाक्यं संपतच नाहीत’.

समजा, एक काकू येऊन म्हणतात, ‘स्वामीसारखं द्या.’

‘स्वामीमधलं काय आवडलं, काकू? पेशवाई, की माधवराव-रमाबाई?’

‘अहो, ते दोघंच. लढायांची पानं मी सोडून दिली.’

इथे बहुतेक जण पेशवाईवरची पुढची कादंबरी काढतात आणि फसतात. काकूंना लढाया नको आहेत. त्यांना नवरा-बायकोचं नातं हवं आहे. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्या. ती कादंबरी नाही, काळही दुसरा, पण तऱ्हेवाईक नवऱ्याबरोबरचा संसार असा दुसरीकडे सहसा मिळायचा नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणीही चालतील. उत्तर ‘पेशवाई’ असतं, तर ना. सं. इनामदारांचं ‘राऊ’ किंवा ‘झुंज’ होतं. ‘ती भारदस्त भाषा’ असतं, तर रणजित देसाईंचंच ‘श्रीमान योगी’ नाहीतर खांडेकरांचं ‘ययाति’. आणि ‘खरं काय घडलं ते वाचायचंय’ म्हणाल्या असत्या, तर कादंबरी नकोच. सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकलेल्या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ द्यायचं.

एकाच पुस्तकातून चार वाटा फुटल्या. यातली कुठली धरायची ते त्या एका उलट्या प्रश्नावर ठरतं.

सावधान: आडनाव, वय, कपडे, बाई की पुरुष यांवरून आवड ठरवू नका. निवृत्त माणूस दिसला की अध्यात्म, बाई दिसली की पाककृती, आणि ‘बलुतं’ किंवा इतर दलित आत्मकथनं फक्त ठरावीक सभासदांपुढे काढायची, हे आपल्याकडे इतकं सरसकट चालतं की करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. नारायण धारपांच्या भयकथा मागणाऱ्या आजी असतात. त्यांना त्या हसू न येता द्यायच्या.

मुलांच्या बाबतीत प्रश्न मुलालाच विचारा. पालक मध्ये ‘काहीतरी संस्काराचं द्या’ म्हणतील. मान डोलवा आणि पुन्हा मुलाकडेच वळा. पुस्तक झेपेल का हे बघायला साधी युक्ती: मधलं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाची बोटं मिटली तर पुस्तक अजून वर्षभरानं. एकही मिटलं नाही तरी हरकत नाही, सोपं वाचण्यात काही कमीपणा नाही.

अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं हा वेगळाच गट. दिवसभर वाचनालयात असतात, पण देवघेवीच्या काउंटरकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी दहा मिनिटांत संपणारं हवं. पु. लं.चं ‘व्यक्ति आणि वल्ली’ त्यासाठी बरं, एकेक वल्ली स्वतंत्र वाचता येते. रात्री दहाला दमलेल्या मुलाच्या हातात जी. ए. कुलकर्णी मात्र ठेवू नका. जी. एं.ना रविवार लागतो.

## टप्पा ३: तीन पुस्तकं, यादी नको

पंचवीस पुस्तकांची यादी दिली की सभासद ती घडी करून खिशात घालतो आणि विसरतो. तीनच काढा आणि प्रत्यक्ष हातात द्या: एक जवळचं, एक शेजारचं, एक लांबचं.

समजा सभासदाला शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आवडलं आहे. जवळचं: रणजित देसाईंचं ‘राधेय’, कर्णच, पण बराच आटोपशीर. शेजारचं: इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, महाभारतातली तीच माणसं, पण कादंबरी नव्हे, लेख, आणि भक्तिभाव बाजूला ठेवून. लांबचं: भैरप्पांची कन्नड कादंबरी ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. तिथे चमत्कार काढून टाकलेले आहेत, उरते ती वारसाहक्काची आणि युद्धाची कथा. लांबचं पुस्तक न नेता परत ठेवलं तरी बिघडत नाही. ते आहे हे कळलं, एवढं पुरे. पुढच्या खेपेला तेच मागणारे निघतात.

प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन वाक्यं. एक त्यात काय आहे याचं, एक त्यात काय खटकू शकेल याचं. ‘सुरुवात संथ आहे, गावात पोचेपर्यंत दम धरा’ असं सांगितलेलं सभासद लक्षात ठेवतो. ‘अप्रतिम आहे’ हे वाक्य नाही, ते फक्त पुस्तक सरकवताना तोंडातून निघणारा आवाज आहे.

सोडायची परवानगीही द्या. नॅन्सी पर्ल यांचाच एक हिशेब सभासदांना फार आवडतो: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर बेलाशक सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. सत्तर वर्षांच्या माणसाला तीसच. हे सांगितल्यावर नवीन लेखक नेऊन बघायला लोक बिचकत नाहीत.

सावधान: तोंडातून नाव काढण्याआधी पुस्तक कपाटात आहे का ते बघा. वर्णन करून ‘अरे, ते बाहेर गेलंय’ म्हणणं म्हणजे जेवायला बसवून भात संपल्याचं सांगणं.

## टप्पा ४: शिफारशीचं कपाट आणि चिठ्ठी

सगळेच सभासद विचारत नाहीत. लाजाळू माणसांसाठी काउंटरच्या जवळ, शिक्का मारायच्या जागेपासून दिसेल असा एक कप्पा मोकळा करा. दहा-बारा पुस्तकं, मुखपृष्ठ समोर. पाठी दिसणारी पुस्तकं शिफारस केलेली वाटत नाहीत, नुसती ठेवलेली वाटतात.

प्रमाण साधारण असं ठेवा: एक नवं, तर तीन जुनी. नव्यांना जाहिरात मिळतेच. ज्याच्यासाठी आधीच नंबर लागले आहेत असं पुस्तक इथे अजिबात नको.

प्रत्येक पुस्तकाला पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी. हातानं लिहिलेली, पंचवीस-तीस शब्दांची. बहुतेक चिठ्ठ्या अशा असतात:

*‘एक होता कार्व्हर. अत्यंत प्रेरणादायी चरित्र. प्रत्येकाने वाचायलाच हवे!’*

हे वाचून कुणी पुस्तक उचलत नाही, कारण ‘प्रत्येक’ म्हणजे कुणीच नाही. तीच चिठ्ठी अशी लिहिता येते:

*‘माती, रोपं, शेती यांत रमणाऱ्यांसाठी. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ होतो, त्याची गोष्ट. भराभर वाचून होते. चरित्रात वादविवाद शोधणाऱ्यांनी दुसरं काही घ्या. आवडलं तर पुढे: वीणा गवाणकरांचंच डॉ. खानखोजे.’*

कुणासाठी, कुणासाठी नाही, आणि पुढे काय. तिन्ही गोष्टी आल्या. पांडुरंग खानखोजे हे मेक्सिकोत गेलेले कृषितज्ज्ञ, म्हणजे शेतीचा धागा पुढच्या पुस्तकातही तुटत नाही.

चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव असू द्या. महिन्या-दोन महिन्यांत सभासदांना कळतं की एकाची आवड आपल्याशी जुळते आणि दुसऱ्याची अजिबात नाही. मग ते चिठ्ठीवरचं नाव बघून पुस्तक उचलतात. शिपाईमामाही वाचत असतील तर त्यांचीही चिठ्ठी लावा. रहस्यकथांचा अनेक ठिकाणी त्यांच्याइतका जाणकार दुसरा कुणी नसतो.

पुढे जाण्याआधी बघा: पुस्तक गेलं की चिठ्ठी काढून वहीत ठेवली का? पुस्तक नसलेली चिठ्ठी आठवडाभर लटकत राहिली, तर अख्खा कप्पा शिळा दिसतो. पंधरा दिवसांनी सगळंच बदला, गेलेलं आणि न गेलेलंही.

## टप्पा ५: संगीत सुचवताना

काही वाचनालयांत सीडी-कॅसेटचं कपाट आहे, पण वाजवायचं यंत्र बंद. बहुतेक ठिकाणी कपाटही नाही. तरीही शिफारस करता येते, कारण ऐकायला आज बहुतेकांकडे फोन आहे. त्यांना हवं असतं ते नेमकं नाव.

पहिला प्रश्न: ‘शब्दांसाठी ऐकता की सुरांसाठी?’ गीतरामायण आवडणारे दोघं जण घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या या मालिकेत ५६ गीतं. एकाला गदिमांचे शब्द पाठ आहेत. त्याला गदिमांची भावगीतं आणि त्यांचं ‘मंतरलेले दिवस’ हे पुस्तक द्या. दुसरा चाल गुणगुणतो. त्याच्यासाठी ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ या पहिल्याच गीतातून वाट निघते. ते भूप रागावर बांधलेलं आहे. तेच सूर कानात असताना किशोरी आमोणकरांची भूपातली ‘सहेला रे’ ऐकायला सांगा. राग ओळखीचा, फक्त शब्द दोन ओळींवर आलेले. गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके यांच्याबद्दल कुतूहल असणाऱ्याला त्यांचं आत्मचरित्र ‘जगाच्या पाठीवर’.

दुसरा प्रश्न वेळेचा. अभंग आवडतात म्हणणाऱ्याला थेट तासाभराचा विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल दिला की तो शास्त्रीय संगीताला कायमचा नमस्कार करतो. वेळ पायरीपायरीनं वाढवा. जुन्या ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात अब्दुल करीम खाँ किंवा हिराबाई बडोदेकर यांनी अख्खा राग उभा केलेला असतो. त्यानंतर नाट्यपदं. मग एलपीची एक बाजू, वीसेक मिनिटं. मैफलीचं ध्वनिमुद्रण सगळ्यात शेवटी. ‘कट्यार काळजात घुसली’तली पदं आवडणाऱ्याला वसंतराव देशपांड्यांचा ख्याल, ‘संतवाणी’ ऐकणाऱ्याला भीमसेनांच्या द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या बंदिशी. गळा तोच ठेवून गाण्याचा प्रकार बदलायचा. दोन्ही एकदम बदलले की पाय निसटतो.

चिठ्ठीवर ‘भीमसेन जोशींचा यमन ऐका’ असं लिहिणं ही नेहमीची चूक. एकाच रागाची एकाच गायकाची कितीतरी ध्वनिमुद्रणं असतात. बंदिशीचे पहिले शब्द आणि अंदाजे मिनिटं लिहा, म्हणजे शोधणारा नेमक्या जागी पोचतो.

आणि संगीत म्हणजे नाट्यसंगीत नि भावगीत एवढंच धरू नका. सुलोचना चव्हाणांची लावणी, शाहीर साबळे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डकांची गीतं, गोव्याकडचे मांडो, आजच्या पोरांचं रॅप, सगळ्यांना चिठ्ठीत जागा हवी. ज्या कप्प्यावर एकाच वळणाचं गाणं दिसतं, तो कप्पा गावातल्या निम्म्या लोकांना ‘हे तुमचं नाही’ असं न बोलता सांगतो.

सावधान: सभासदाच्या पेनड्राइव्हवर गाणी भरून देऊ नका. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्यावर हक्क असतो. गीतकाराचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. गाणं जुनं वाटलं म्हणून ते मोकळं झालेलं नसतं.

## टप्पा ६: पुस्तक परत आल्यावर

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात, आणि मग आपली शिफारस बरोबर होती की नाही हे कधीच कळत नाही.

‘आवडलं का?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर ‘छान होतं’ म्हणतो. ‘कुठपर्यंत झालं?’ असं विचारा. या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची गरज वाटत नाही. उत्तराप्रमाणे वहीतल्या नोंदीशेजारी खूण करा: पूर्ण, अर्धवट, उघडलंच नाही. अर्धवट असेल तर कुठे सोडलं ते पान. एकाच पुस्तकाला तीन जणांनी साधारण त्याच जागी सोडलं असेल, तर नोंदीत ते लिहा आणि पुढच्या माणसाला आधीच सांगा.

खूण पुस्तकासमोर करायची, सभासदाच्या नावासमोर नाही. कोण काय वाचतं ही त्याची खाजगी बाब आहे. घटस्फोटाचा कायदा, कर्करोग, व्यसनमुक्ती अशी पुस्तकं लोक याच काउंटरवरून नेतात. ‘हे मागच्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या वहिनींनी नेलं होतं’ हे वाक्य कितीही सहज निघालं तरी ते बोलायचं नाही. देवघेवीची वही काउंटरवर उघडी ठेवायची सवयही याचसाठी मोडा.

महिनाअखेर अर्धा तास काढून वही चाळा. कुठल्या कर्मचाऱ्याच्या शिफारशी पूर्ण वाचल्या जातात, कुठल्या कपाटातून एकही पुस्तक सुचवलं गेलेलं नाही, आणि कुठलं नाव तीनदा मागितलं गेलं पण आपल्याकडे नव्हतं, या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा. तिसरी यादी ग्रंथखरेदीच्या बैठकीत ठेवा. बैठक अनुदानाचा हप्ता आल्यावर घाईत होते आणि विक्रेत्याच्या यादीवरच खुणा करून संपते, म्हणून कागद आदल्या दिवशीच सचिवांच्या हातात द्या, आणि प्रत्येक नावापुढे किती जणांनी मागितलं ते लिहा.